दोन कार्बोरेटरांचे काकाजी

काकाजी हात वर करायचे आणि आमची अख्खी गल्ली गप्प व्हायची.

त्यांच्या एका कानात रबरी नळीचं टोक असायचं. दुसरं टोक गाडीच्या मागच्या झाकणाखाली, कार्बोरेटरच्या तोंडाशी. डोळे मिटलेले, हात वर. मग भाजीवाली आपली आरोळी अर्ध्यात गिळायची, ओट्यावर भांडी घासणारी हातातलं पातेलं तसंच धरून बसायची आणि मला माझी शिलाई मशीन थांबवावी लागायची. ब्लाउजची बाही अर्धी जोडलेली, पाय पायडलवर, आणि मी आपली बसून.

"गप राहा बे," ते हळूच म्हणायचे, "दोघं बोलून राह्यले."

दोघं म्हणजे दोन कार्बोरेटर. एक इंजिनाच्या डाव्या अंगाला, एक उजव्या. पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला पाजायची, हे त्यांचं काम. दोघांनी सारखीच हवा ओढली पाहिजे, नाहीतर गाडी लंगडते. नळी आधी याच्या तोंडाशी लावायची, मग त्याच्या, आणि दोन्हीकडचा सुस्कारा एकसारखा येईपर्यंत स्क्रू फिरवत बसायचं. तुमच्या गल्लीतही असा एखादा माणूस असेलच, ज्याच्यासाठी सगळे आपलं काम थांबवतात आणि का थांबवतो हे कोणी विचारत नाही.

सोनाळ्यात माझं शिलाईचं दुकान आणि त्यांची पत्र्याची शेड समोरासमोर. मी या गल्लीत सून म्हणून आले तेव्हापासून ती गाडी पाहत होते. चपट्या तोंडाची, डब्यासारखी, कधीकाळी निळी-पांढरी असावी. परदेशी बनावटीची. कोणी गोरे नवरा-बायको ती रस्त्यानं चालवत आपल्या देशात आले, अकोल्याजवळ गाडीनं मान टाकली, आणि ते लोक तिला एका गॅरेजवाल्याच्या गळ्यात बांधून विमानानं परत गेले, असं काकाजी सांगायचे. खरंखोटं देव जाणे. दर वेळी सांगताना त्या गोऱ्या बाईच्या केसांचा रंग बदलायचा. काकाजी तेव्हा जिनिंगच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. त्यांनी ही गाडी पाहिली आणि ट्रक सोडला, एवढं मात्र खरं.

गाडीचं इंजिन मागे, आणि त्याला पाणी लागत नसे. आमच्या खालच्या पट्ट्यात विहिरींचं पाणी खारं. रेडिएटरमध्ये टाकलं की आतून थर चढतात आणि वैशाखात जीपा बोनेट उघडून रस्त्याच्या कडेला वाफा सोडत उभ्या राहतात. काकाजींचं इंजिन नुसत्या हवेवर थंड व्हायचं. त्या उभ्या जीपांच्या शेजारून ते फटफटत निघून जायचे, आणि जाताना मुद्दाम हॉर्न वाजवायचे. एवढा खोडसाळपणा त्यांच्यात होता.

आणि वैशाखातच तर त्या गाडीचं खरं काम असे. आखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी येतात. तुम्ही अक्षय तृतीया म्हणत असाल, आमच्यासाठी ती आखाजी. झाडाला झोके बांधायचे, चिंचेचं पाणी काढून चिंचोणी करायची, सांजोऱ्या तळायच्या. पण लेकीनं आपली आपण बॅग उचलून यायचं नाही. माहेरचं कोणीतरी तिला न्यायला गेलं पाहिजे. त्याला मुऱ्हाळी म्हणतात. पूर्वी भाऊ जायचे, बाप जायचे. आता भावांना फुरसत नसते आणि बापांना गुडघे नसतात. म्हणून आमच्या गल्लीचे मुऱ्हाळी काकाजी झाले. आखाजीच्या आधी त्यांच्या फेऱ्या सुरू व्हायच्या. गाडी परत यायची ती लेकी, त्यांची पोरं, कुरडयांचे डबे घेऊन, आणि एकदा तर एका शेळीसकट.

माझं माहेर वरवट बकाल. तोंड वळवलं की आलं, इतकं जवळ. पण आई गेल्यावर एका वर्षी माझ्याकडे कोणी फिरकलंच नाही. मी मशीन चालवत बसले. काकाजी शेडमधून आले, दुकानाच्या पायरीशी उभे राहिले.

"सूनबाई, मशीन बंद कर. तुले सोडून येतो."

लेकीला आणायच्या ऐवजी पोचवायला निघालेला हा जगातला एकच मुऱ्हाळी असेल. वाटेत मी खिडकीकडे तोंड करून रडले. काकाजींनी समोरचा आरसा हातानं वर छताकडे फिरवला आणि तसाच राहू दिला. माझ्या भावजयीनं दारात गाडी पाहिली तेव्हा तिचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. मी अजून त्या माणसाची त्यासाठी ऋणी आहे.

पण स्वतःची लेक त्यांनी कधी आणली नाही.

रेखा ही त्यांची एकुलती एक. आई लवकर गेलेली, बापानंच वाढवलेली. तिनं आपल्या मनानं लग्न केलं, लोणारच्या एका दुकानदार मुलाशी. मुलगा चांगला होता. पण विचारलं नाही, सांगितलं, याचा काकाजींना राग आला. ती पाया पडायला आली तेव्हा ते शेडच्या दारात उभे होते. "माह्या गाडीत आता तुले जागा नाई," म्हणाले. मी समोर बसून ऐकलं. रेखा एसटीनं गेली.

त्यानंतर तिला कोणी न्यायला गेलं नाही आणि ती आली नाही. माझं तिच्याशी फोनवर बोलणं व्हायचं. गाडी चालू आहे का, असं ती नेहमी विचारायची. बाप कसा आहे हे विचारायची तिची ती पद्धत होती. काकाजीही कधी कधी सहज विचारल्यासारखं करत, लोणारकडे ऊन कसं आहे म्हणून. दोघंही हट्टी. एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं.

मात्र दर आखाजीला, गल्लीतल्या सगळ्या लेकी आणून झाल्या की काकाजी एकटे गाडी काढायचे. कुठे जातो ते सांगायचे नाहीत. संध्याकाळी रिकामे परत यायचे आणि गाडीचं मागचं झाकण उघडून बसायचे. "घाटात एक बाजू बसली," म्हणायचे. लोणारला जायचं तर खामगावच्या पुढे घाट चढावा लागतो, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. सगळी गल्ली मग त्या कार्बोरेटरांना शिव्या द्यायची. माझ्या सासूबाई तर बोटं मोडायच्या.

पुन्हा वर्षभर दुरुस्ती चालायची. काकाजी माझ्याकडून कागद कापून न्यायचे, कार्बोरेटरच्या दोन तुकड्यांमध्ये घालायला. जाड कागद कापून माझ्या कात्रीची धार जायची आणि मी कटकट करायची. "कपडा कापाले ठेवली हाय ते," मी म्हणायची. ते म्हणायचे, हेही मापाचंच काम आहे. अकोल्याला त्यांचा भाचा गॅरेज चालवतो. तो म्हणाला, मामा, हे दोन्ही काढून फेका, मी नवीन एकच बसवून देतो, कटकट मिटेल. काकाजींनी जरा विचार केल्यासारखं केलं.

"एकटा बोलीन कोनासंग?" म्हणाले.

भाचा हसला. मला नाही हसू आलं. काकी जाऊन तोवर किती काळ लोटला होता, आणि काकाजी संध्याकाळी दोन कप चहा मांडायची सवय अजून सोडत नव्हते.

मग एका हिवाळ्यात त्यांच्या छातीत दुखलं. अकोल्याच्या दवाखान्यात राहून आले. आले ते वाळलेले आणि फार शांत. उन्हाळा लागला तसे एक दिवस सासूबाईंच्या ओट्यावर येऊन बसले आणि न विचारता म्हणाले, यंदा रेखाले आनतो. आजवर हे त्यांनी तोंडानं कधी म्हटलं नव्हतं. सासूबाईंनी पदर डोळ्याला लावला. गल्लीभर झालं, यंदा रेखा येणार.

दोन्ही कार्बोरेटर त्यांनी पार मोकळे केले. आतली दांडी झिजून भोक सैल झालं होतं, तिथून हवा चोरली जायची. ते खामगावच्या लेथवाल्याकडून नीट करून आणलं. मग सगळे बारीकसारीक भाग पेट्रोलनं धुतले आणि पितळी परातीत मांडून वाळायला ठेवले. त्यात ते बारके पितळी जेट होते. त्यांना केसाएवढं भोक असतं, त्यातून पेट्रोल येतं. काकाजी त्यात तार कधी घालायचे नाहीत, भोक मोठं होतं म्हणे. झाडूच्या एका काडीनं, फुंकर घालत, ते ती साफ करायचे. परात शेडमध्ये ठेवून ते जरा पडायला घरात गेले.

त्या दिवशी सासूबाईंनी चिंचोणीसाठी चिंच भिजत घातली होती. चोथा उरला. त्या काकाजींकडे भाकर द्यायला गेल्या आणि त्यांना ती परात दिसली. माणूस इतक्या वर्षांनी लेकीच्या दारी चालला आहे आणि गाडीचं पितळ असं काळं, मळकं. त्यांनी परात उचलून आणली, बसल्या ओट्यावर, आणि चिंच आणि राख लावून एकेक तुकडा असा घासला की देवघरातली समई मागे पडावी. मी दुकानात होते. पाहिलं तेव्हा परात उन्हात लखलखत होती आणि सासूबाईंच्या चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं.

काकाजी आले. परातीकडे पाहत राहिले. एक जेट उचलून उजेडाकडे धरला, डोळ्याशी नेला. भोकात राख बसली होती. सगळ्या बारीक नळ्यांत राख बसली होती.

"चमकले मस्त," एवढंच म्हणाले.

सासूबाईंना मग कोणीतरी सांगितलं की काय झालं. म्हातारीनं दोन्ही हात कपाळाला लावले, त्या रात्री जेवल्या नाहीत. गल्लीत सगळे हळू आवाजात बोलायला लागले, झालं, यंदाही गेलं. मलाही तेच वाटलं. आखाजी तोंडावर आलेली, आणि काकाजींना आता कारण शोधायलाही लागणार नव्हतं.

पण ते सायकलचा पंप घेऊन बसले. पेट्रोल घालायचं, पंपानं हवा मारायची, उजेडाकडे धरून पाहायचं, पुन्हा तेच. कोणी बोललं तर ओ देत नव्हते. जेवायची वेळ झाली की सासूबाई ताट नेऊन ठेवायच्या आणि अपराध्यासारख्या बाजूला उभ्या राहायच्या. एकदा काकाजी त्यांना म्हणाले, "वहिनी, आतून एवढे साफ हे कधीच झाले नव्हते." सासूबाईंना बरं वाटावं म्हणून म्हणाले की खरंच, ते मला माहीत नाही.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी इंजिन चालू झालं. नळी कानात गेली, हात वर झाला. गल्ली थांबली. नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबली. मग हात खाली आला. सासूबाई आतून माझी पिशवी घेऊनच बाहेर आल्या. म्हणाल्या, तू जाय संग, बाईमाणूस असलेलं बरं. आमचे हे जरा कुरकुरले. सासूबाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

ते जाणं मला आता स्वप्नासारखं आठवतं. मागच्या सीटखाली इंजिनाची एकसारखी घरघर, पायाशी ऊब, खिडकीतून भट्टीसारखा वारा. रस्ता पुढे पाण्यासारखा चमकायचा आणि जवळ गेलं की कोरडा व्हायचा. नांगरून पडलेली काळी शेतं दोन्हीकडून मागे सरकत होती. शेगाव गेलं, खामगाव गेलं. घाट सुरू झाला. गाडी न अडखळता चढत होती. अर्ध्या चढावर त्यांनी ती कडेला घेतली.

इंजिन चालूच ठेवून ते उतरले, मागे गेले, झाकण उघडलं, नळी कानाला लावली. मीही उतरले. पळसाच्या सावलीत उभी राहिले. बराच वेळ ते वाकून होते.

"डावी बाजू वढत नाई, सूनबाई. वापस जावं लागते."

मी ऐकत होते. त्यांच्यासाठी इतकी वर्षं मशीन थांबवली, तेव्हा मी काय कान बंद करून बसत होते? आवाज सरळ होता. सकाळी होता तसाच होता. आणि मला एकदम कळलं की दर वर्षी तो तसाच असणार, याच ठिकाणी.

"काकाजी," मी म्हटलं, "दोघंबी बोलून राह्यले. मले आयकू येऊन राह्यलं."

त्यांनी वर पाहिलं नाही. नळी कानातून काढली, हाताभोवती गुंडाळली, पुन्हा सोडली. मग इंजिनाकडेच पाहत विचारलं,

"तिनं नाई म्हटलं तं?"

एवढा मोठा माणूस, सगळ्या गल्लीचा मुऱ्हाळी. पण मी आवाज कडक ठेवला.

"तं वापस येऊ. पन तिच्या दारातून येऊ. घाटातून नाई."

त्यांनी झाकण लावलं.

लोणारला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. रेखाचं घर बसस्टँडच्या मागच्या गल्लीत. दारासमोरच कडुनिंबाची गार सावली होती, पण काकाजींनी गाडी भर उन्हात लावली. उतरले नाहीत, इंजिनही बंद केलं नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर. आवाज ऐकून रेखा बाहेर आली. कानाजवळचे केस पांढरे झाले होते तिचे. बापाकडे पाहत उभी राहिली. मी मागे बसले होते.

"गाडी बंद करा, बाबा," ती म्हणाली. "धूर घरात येऊन राह्यला."

काकाजींनी गाडी बंद केली.

"आखाजी हाये," ते म्हणाले.

"हाव. मालूम हाये."

"चालशीन काय?"

रेखानं पदराला हात पुसले. "जेवन झाल्यावर," म्हणाली, आणि आत वळली. दारातून दिसत होतं, ती ओट्याशी पाठमोरी उभी राहिली होती आणि तिचे खांदे हलत होते. काकाजींना ते दिसलं. ते उतरले, चपला काढल्या, आणि हात कुठे ठेवावेत हे न समजल्यासारखे दारात उभे राहिले. जावई दुकानातून धावत आला, त्यानं त्यांना खाटेवर बसवलं.

जेवणं झाली. गाडी सुरू होईना. इतक्या गरम इंजिनावर, तेही उन्हात, कार्बोरेटरमधलं पेट्रोल उकळून उडून जातं. थंड होईपर्यंत थांबायचं, दुसरा इलाज नाही. काकाजींना हे माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? "आता संध्याकाळपर्यंत काई होत नाई," त्यांनी फार गंभीरपणे सांगितलं आणि लेकीच्या घरात खाटेवर आडवे झाले. ते घोरायला लागले. कूलर घुं घुं करत होता. सरोवराकडून वारा यायचा, त्याला खाऱ्या पाण्याचा उग्र वास. कुठेतरी मोर ओरडत होता. मला भिंतीला टेकूनच डोळा लागला, आणि झोपेत वाटलं की अख्खं घरच हळूहळू चाललं आहे, त्या गाडीसारखं, आम्हाला सगळ्यांना घेऊन. जागी झाले तेव्हा रेखा बापाच्या पायाशी बसली होती आणि त्यांच्या टाचांच्या भेगांत तेल भरत होती. ते जागे होते. डोळे मिटून पडले होते.

संध्याकाळी पहिल्या किल्लीला गाडी सुरू झाली. रेखा पुढे बसली. घाट उतरताना बाप-लेक काहीतरी बोलत होते. मला ते ऐकू आलं नाही आणि मी ऐकायचा प्रयत्नही केला नाही.

त्यानंतरच्या आखाज्या त्या दोघांच्या झाल्या. मी काही त्यांचं सांगत बसत नाही. गेल्या पावसाळ्यात काकाजी गेले. झोपेतच गेले. गाडी शेडमध्ये आहे. भाचा म्हणतो, नवीन कार्बोरेटर बसवून विकून टाकू. अजून काही ठरलेलं नाही. माझी मशीन आता दिवसभर कोणी थांबवत नाही. कधी कधी मीच थांबवते.

यंदाची आखाजी आली. वर्षभरात गेलेल्या माणसाच्या नावानं त्या दिवशी पाण्याची घागर भरायची असते. भाचा म्हणाला, मामांची घागर मी भरतो. सासूबाई म्हणाल्या, लेक आहे त्यांची, ती भरेल. पण लेकीला आणायला कोण जाणार, यावर सगळे एकमेकांकडे पाहायला लागले. बाईनं मुऱ्हाळी जायची आमच्याकडे रीत नाही. मी दुकानाचं शटर ओढलं आणि एसटीत बसले.

रेखानं दार उघडलं.

"काकाजीची घागर भराची हाये," मी म्हटलं. "तुले न्याले आली."

माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं तिनं, रिकाम्या रस्त्याकडे, उन्हात गाडी उभी असायची तिकडे. मी बाजूला सरले नाही आणि मागे वळलेही नाही. तिचं पाहून होईपर्यंत उभी राहिले.